'यशाची कारणे : एक अभ्यास' असं शीर्षक लिहिण्याआधी एक गाणं ऐका



पेट झाली, आता मुलाखतीला सिनॉप्सिस काय नेऊ, असं विचारणारे मेसेज सध्या बरेच येतायत. विषय वेगवेगळे असतात, पण एक शब्द सारखा दिसतो: यश. अमुक चित्रपटाच्या यशाची कारणे, तमुक कवीच्या लोकप्रियतेची कारणे. मुलाखतीत समोर बसलेली मंडळी यावर पहिला प्रश्न काय विचारतील ते आत्ताच सांगून ठेवतो. यश म्हणजे काय धरलंत आणि ते मोजलंत कशानं? तिथे गडबडलात की पुढची पंधरा मिनिटं तुमची नाहीत.

म्हणून आज सिद्धांत बाजूला ठेवू आणि एकच गाणं घेऊ. 'टेन सीसी' या इंग्लिश बँडचं १९७५ सालचं 'आयम नॉट इन लव्ह'. सॉफ्ट रॉकच्या खान्यातलं, सहा मिनिटांच्या आसपासचं, संथ प्रेमगीत. पुढे वाचण्याआधी एकदा ऐकून या. शक्यतो हेडफोन लावून; का ते कळेलच.

ऐकलंत? आता गाण्यातला माणूस काय म्हणतो ते बघा. तो प्रेयसीला सांगतो की माझं तुझ्यावर प्रेमबिम काही नाही. मी फोन करतो त्याचा भलता अर्थ काढू नकोस. तुझा फोटो भिंतीवर आहे, पण तो भिंतीवरचा डाग झाकायला. सगळं गाणं म्हणजे नकारांची यादी आहे, आणि ऐकणाऱ्याला पहिल्या मिनिटातच कळतं की हा गडी पार बुडालेला आहे.

कसं कळतं? 'शब्दांतून' हे उत्तर मला अर्धंच पटतं. डागाची सबब लंगडी आहे, ते शब्दांतूनच कळतं, मान्य. पण नुसते शब्द कागदावर वाचलेत तर हा माणूस थोडा मिजासखोर, थोडा निष्ठुर वाटू शकतो. त्या बाईच्या जागी बसून वाचा, नक्की वाटेल. त्याला वाचवतो तो त्याच्या मागे चाललेला आवाज. माणसांच्या गळ्यांचं धुकं म्हणा हवं तर. तो 'नाही' म्हणतो तेव्हा मागे ते धुकं दाटून येतं. तो स्वतः माइकजवळ, सपाट, जवळजवळ बोलल्यासारखा गातो. सगळा उमाळा मागच्या आवाजांकडे सोपवलेला आहे. माझ्या मते गाण्याचं मर्म या विसंगतीत आहे. पण हे झालं माझं मत. संशोधनात मत मांडलं की पुढचा प्रश्न येतोच, पुरावा काय?

इथे हे गाणं आपल्याला एक दुर्मीळ देणगी देतं. हेच गाणं याच लोकांनी आधी एकदा वेगळं केलं होतं, आणि ते फसलं होतं.

बँडमध्ये चौघे: एरिक स्टुअर्ट, ग्रॅहॅम गोल्डमन, केव्हिन गॉडली आणि लोल क्रीम. गाणं लिहिलं स्टुअर्ट आणि गोल्डमन यांनी. स्टुअर्टच्या सांगण्यानुसार बायकोची तक्रार होती की तू मला 'प्रेम आहे' असं पुरेसं म्हणत नाहीस. त्याला वाटे की रोज म्हटलं तर त्या शब्दांना काही अर्थ उरणार नाही. मग तेच उलटं करून सांगितलं तर? पहिल्यांदा त्यांनी ते बोसा नोव्हाच्या, म्हणजे ब्राझीलकडच्या हलक्या डुलत्या लयीत वाजवलं. बाकी दोघांना आवडलं नाही, गॉडलीला तर अजिबातच नाही. गाणं सोडून दिलं, टेपही पुसून टाकली. पण स्टुडिओत काम करणारी माणसं ती चाल गुणगुणत राहिली, ते गाणं पुरं का नाही केलंत म्हणून विचारत राहिली. तेव्हा पुन्हा विषय निघाला, आणि गॉडलीने सुचवलं की करायचंच तर वाद्यं बाजूला ठेवून नुसत्या आवाजांनी करू.

संशोधकाच्या नजरेने बघा. शब्द तेच, चाल तीच, माणसं तीच, स्टुडिओ तोच. बदलली फक्त मांडणी. नेट-सेटच्या पेपर एकमध्ये आपण 'चल' आणि 'नियंत्रित चल' पाठ करतो ना, त्याचं प्रत्यक्षातलं इतकं जवळचं उदाहरण कलेच्या इतिहासात सहसा मिळत नाही. फक्त एक मोठा 'पण' आहे: टेप पुसलेली आहे. पहिली आवृत्ती तुम्हाला-मला ऐकता येत नाही. ती वाईट होती हे आपण करणाऱ्यांच्याच साक्षीवर मानतो. प्रबंधात हे वाक्य झाकून ठेवायचं नाही, ठळक लिहायचं.

आता दुसरी आवृत्ती कशी झाली ते सविस्तर सांगतो, कारण खरी गंमत इथे आहे. जागा: मँचेस्टरजवळच्या स्टॉकपोर्ट गावातला स्ट्रॉबेरी स्टुडिओ. रेकॉर्डर सोळा ट्रॅकचं. शेकडो लोकांचा गायकवृंद आणायचा कुठून? मग गोल्डमन, गॉडली आणि क्रीम या तिघांनी एकच स्वर 'आऽऽ' असा धरायचा, आणि तोच सोळा वेळा रेकॉर्ड करायचा. तीन गुणिले सोळा, अठ्ठेचाळीस गळे, एका स्वराला. मग पुढचा स्वर. सप्तकातले बारा स्वर आणि वरचा सा धरून तेरा. टेपचा लूप करायचा, म्हणजे टेपची दोन टोकं जोडून वेढा बनवायचा, की स्वर अखंड वाजत राहतो, ही कल्पना क्रीमची. पण सांध्यावर खट्ट असा आवाज येतो, तो वारंवार येऊ नये म्हणून वेढा लांब हवा. म्हणून सुमारे बारा फुटांचा वेढा, मशीनमधून निघून माइकच्या स्टँडला वळसा घालून परत मशीनमध्ये. या आवाजांच्या कामात जवळपास तीन आठवडे गेले.

तेरा स्वर तेरा ट्रॅकवर घेतले. उरले तीन ट्रॅक, आणि त्यांवर गाण्याचा सांगाडा. मग चौघे मिक्सिंग डेस्कसमोर बसले आणि फेडर वरखाली करत ते डेस्कच वाद्यासारखं वाजवलं. एकेका फेडरला एकेक स्वर, पेटीच्या पट्ट्या असाव्यात तसा. त्यातही एक युक्ती केली. फेडरच्या तळाशी चिकटपट्टी लावली, म्हणजे कुठलाही स्वर पूर्ण बंद होणार नाही. त्यामुळे सगळे स्वर अगदी मंद, सतत चालू राहतात. आपल्या कानाला तानपुऱ्याची सवय आहे. तिथे मागे चालू राहणारे स्वर निवडलेले असतात, गायकाला टेकायला जागा देतात. इथे न निवडलेले बाराही स्वर तळाशी घुमतायत. टेकायला जागाच नाही, आणि त्या माणसाची मनःस्थितीही तशीच आहे. हेडफोनचा आग्रह याचसाठी होता.

आता एक गृहपाठ. या गाण्याबद्दल शोधलंत तर काही ठिकाणी '२५६ आवाज' असं वाचायला मिळेल. वर सांगितलेल्या कृतीतून आकडा काढून बघा. ४८ गुणिले १३, ६२४. बाराच स्वर धरले तरी ५७६. २५६ ला ४८ ने भागच जात नाही. कुणीतरी कधीतरी लिहिलं आणि पुढच्यांनी उतरवून घेतलं. संदर्भ देताना आकडा उचलू नका, हिशोब मांडा. पाच मिनिटांचं काम असतं.

साक्षीबद्दलही थोडं. यातला बराच तपशील स्टुअर्टने नंतर दिलेल्या मुलाखतींतून येतो. तो गाण्याचा सहलेखक, गायक आणि रेकॉर्डिंग करणाराही. म्हणजे हितसंबंध असलेला साक्षीदार, तोही बऱ्याच काळानंतर बोलणारा. मग भरवसा किती ठेवायचा? माझं उत्तर असं: तो आवाजांच्या कल्पनेचं श्रेय गॉडलीला देतो आणि लूपचं क्रीमला. स्वतःचं श्रेय कमी करणारी साक्ष अशी सहज टाकून देऊ नये. बायकोच्या तक्रारीची गोष्ट मात्र मी 'त्याच्या म्हणण्यानुसार' याच्या पुढे नेणार नाही. ती छान आहे, पण गाण्याच्या मूळ नकाराची प्रेरणा तेवढी सांगते. गाणं चांगलं का, हे ती सांगत नाही. साहित्याच्या प्रबंधांत लेखकाच्या चरित्रातला प्रसंग सांगून कलाकृतीचं स्पष्टीकरण दिल्यासारखं केलं जातं, तसलाच हा मोह.

गाण्याच्या मध्यावर सगळं थांबतं आणि एक बाईचा आवाज कुजबुजतो, लहान मुलाला रडू नको म्हणून समजवावं तसं. ती कुणी गायिका नाही, स्टुडिओची सेक्रेटरी होती. गाण्यात इथे काहीतरी कमी पडतंय अशी चर्चा चालू असताना ती दार उघडून दबक्या आवाजात 'एरिक, तुला फोन आहे' असं सांगायला आली, आणि क्रीम ओरडला की हाच तो आवाज. तिला संकोच वाटत होता, समजावून उभी केली. या कुजबुजीने अर्थ पलटतो. इतका वेळ हा माणूस नुसता नाकारत होता. ती आली आणि कळलं की तो रडतोय. रडू नको म्हणायला समोर रडणारा असावा लागतो ना. शेवटाकडे येणारी खेळण्यातल्या म्युझिक बॉक्सची किणकिण मात्र मला जास्त गोड वाटते, तिच्याशिवायही चाललं असतं.

आता तो नाजूक प्रश्न. हे गाणं कुणाचं? गीत-संगीत म्हणून नावं दोन: स्टुअर्ट आणि गोल्डमन. शब्द आणि चाल यांनाच 'रचना' मानायचं ही रीत आहे, आणि त्या रीतीने ते बरोबरच आहे. पण ज्या गोष्टीने पुसलेल्या टेपचं गाणं केलं ती कल्पना गॉडली आणि क्रीमची, आणि ते रचनाकारांत नाहीत. कुजबुजणारी बाई तर नाहीच नाही. पुढच्याच वर्षी, १९७६ मध्ये, गॉडली आणि क्रीम बँड सोडून गेले. याचा त्याच्याशी संबंध मी जोडत नाही. त्यांना स्वतःच्या गिझ्मो या उपकरणावर काम करायचं होतं. पण प्रयोगशाळेत नमुने गोळा करणारा, क्षेत्रभेटीत दुभाषी म्हणून हिंडणारा आणि शोधनिबंधावर नाव असणारा, ही तीन वेगळी माणसं असतात हे तुम्हाला लवकरच कळेल. विषयाची पद्धत ज्याला 'लेखन' म्हणते त्यात नेमकं कोण मावत नाही, हे आत शिरण्याआधी विचारून ठेवलेलं बरं.

आणि 'यश'? ब्रिटनमध्ये जून-जुलै १९७५ मध्ये दोन आठवडे पहिला क्रमांक. अमेरिकेत बिलबोर्डवर तीन आठवडे दुसरा. त्या तीन आठवड्यांत वरती तीन वेगवेगळी गाणी होती: व्हॅन मॅकॉयचं 'द हसल', ईगल्सचं 'वन ऑफ दीज नाइट्स' आणि बीजीजचं 'जाइव्ह टॉकिन'. म्हणजे दर आठवड्याला कुणीतरी दुसरंच आडवं आलं. क्रमांक हे क्रमदर्शक मापन आहे. तो त्या आठवड्यातल्या शेजाऱ्यांबद्दलही तितकंच बोलतो. शिवाय अल्बममधून आधी बाजारात आणलं होतं ते 'लाइफ इज अ मिनेस्ट्रोनी' नावाचं दुसरंच गाणं. यश मागून बघताना अटळ वाटतं. समोरून बघणाऱ्यांनी आधी दुसरा घोडा पुढे केला होता.

एक कारण मात्र मी छातीठोक मांडेन, आणि नेमकं तेच कहाण्यांमध्ये दोन ओळींत आटपतात. स्टुडिओत स्टुअर्ट आणि गोल्डमन यांची मालकी होती. तासाचं भाडं मोजणाऱ्या बँडला तीन आठवडे 'आऽऽ' म्हणत बसता आलं नसतं. प्रतिभा होतीच, पण तिला बिनभाड्याची खोली मिळाली. ही अट यशाची पुरेशी अट नाही, आवश्यक आहे. दोन्हींतला फरक माहीत नसेल तर आजच बघून ठेवा.

आता माझ्याच म्हणण्याविरुद्धचा पुरावा. आवाजांची मांडणी हेच मर्म असेल, तर ती काढल्यावर गाणं पडायला हवं. पण 'विल टू पॉवर' या अमेरिकन जोडीने हे गाणं नव्वदच्या सुमारास नव्या साजात केलं, आणि १९९१ च्या सुरुवातीला ते बिलबोर्डवर सातव्या क्रमांकापर्यंत गेलं. तो बारा फुटांचा वेढा नाही, तरीही. माझा दावा यातून कसा सुटतो? एक वाट अशी की तोपर्यंत गाणं लोकांच्या कानात होतं. ते नवं गाणं ऐकताना जुनं धुकं आपोआप भरून घेत होते. दुसरी वाट अशी की माझा दावा 'यशा'बद्दल नव्हताच, गाणं काय करतं याबद्दल होता. पहिली वाट मोहक आहे, पण ती तपासायला श्रोत्यांचा पुरावा लागेल आणि तो माझ्याकडे नाही. म्हणून मी दुसरी धरतो.

दोन्ही रेकॉर्डिंग एकापाठोपाठ ऐका आणि फक्त पहिल्या दीड मिनिटावर एक पानभर लिहा. 'यश', 'लोकप्रिय', 'अजरामर' हे तीन शब्द न वापरता. लिहिलंत तर खाली कॉमेंटमध्ये टाका, मी वाचेन.