चेकॉव्हच्या साहित्यावरील प्रतिक्रिया

अन्तॉन पाव्हलव्ह्यिच चेकॉव्ह (२९ जानेवारी १८६०–१५ जुलै १९०४) ह्या श्रेष्ठ रशियन कथाकार-नाटककाराविषयी वाचकांचे व समीक्षकांचे मत आरंभापासून दुभंगलेले आहे. त्याच्या कथांना सहसा दाद मिळते. नाटके मात्र अनेकांना घटनाशून्य व रेंगाळणारी वाटतात.

चेकॉव्हला ठाम जीवनदृष्टी नाही, तो सर्वच विषयांकडे सारख्याच तटस्थतेने पाहतो, असा आक्षेप मिखायलोव्स्की ह्या समीक्षकाने १८९० मध्ये घेतला. ‘वॉर्ड नं. ६’ (१८९२) ही कथा वाचल्यावर तो टिकत नाही. दुःख हा मनाचा खेळ आहे असे मानणारा डॉक्टर रागिन तीत अखेरीस आपल्याच रुग्णालयातील वेड्यांच्या कोठडीत डांबला जातो. लेखक भाष्य करीत नाही. त्याची गरजही उरत नाही.

टॉलस्टॉयची प्रतिक्रिया विशेष उद्‌बोधक आहे. ‘डार्लिंग’ (१८९९) ही कथा तो पाहुण्यांना मोठ्या आवडीने वाचून दाखवी. नायिकेची थट्टा करण्याच्या हेतूने लिहायला बसलेल्या लेखकाच्या हातून तिला आशीर्वादच दिला गेला, असे त्याचे मत होते. ‘लेडी विथ द डॉग’ (१८९९) मात्र त्याला नैतिक कारणासाठी रुचली नाही आणि १९०० मध्ये ‘अंकल व्हान्या’चा प्रयोग पाहून तो चिडला.

‘द सीगल’ हे नाटक १७ ऑक्टोबर १८९६ रोजी सेंट पीटर्झबर्ग येथे सपशेल पडले. तो प्रयोग एका लोकप्रिय विनोदी अभिनेत्रीच्या साहाय्यार्थ असल्याने हसण्याच्या तयारीने आलेल्या प्रेक्षकांचा विरस झाला. दोन वर्षांनी मॉस्को आर्ट थिएटरने तेच नाटक यशस्वी करून दाखविले. ‘द चेरी ऑर्चर्ड’बाबत (१९०४) वाद उलटा होता : चेकॉव्ह त्यास सुखात्मिका म्हणे, तर दिग्दर्शक स्तानिस्लाव्हस्की शोकात्मिका.

मराठीत चेकॉव्ह बव्हंशी इंग्रजीच्या द्वारे आला. ठसठशीत संघर्ष व अंकाअंकास कलाटणी ह्यांची सवय असलेल्या मराठी प्रेक्षकास त्याची नाटके निरस वाटावीत, हे स्वाभाविक होते. महेश एलकुंचवार ह्यांच्या ‘वाडा चिरेबंदी’ने (१९८५) ही अडचण बरीच दूर केली. वैदर्भीय देशपांडे घराण्याचा खर्चिक क्रियाकर्मांसाठी विकावा लागणारा वाडा आणि अंगणात गंजत पडलेला ट्रॅक्टर पाहताना विकली जाणारी चेरीची बाग समीक्षकांना आठवली, आणि ती तुलना रचनेपुरती योग्यच आहे. तथापि तिच्यामुळे मूळ नाटकच अधिक करुण भासू लागते. बाग हातची जात असता येपिखोदोव्हचे धडपडणे, गायेव्हचे बिलियर्डचे चाळे आणि जुन्या कपाटापुढचे त्याचे भाषण ही केवळ करमणुकीची भर नव्हे. ज्यांना आपले नुकसान कळत असूनही हालचाल करवत नाही, अशा माणसांचे ते चित्र आहे. वाडा डोळ्यांपुढे ठेवून बागेकडे पाहणाऱ्या मराठी वाचकाच्या हातून हे हसू बहुधा निसटते.