पट्टा दिसतो, मोटार दिसत नाही

महासागरांच्या अभिसरणाविषयी कुठलेही पुस्तक उघडा, एक चित्र हटकून भेटते. जगाच्या नकाशावर एक लांबलचक फीत, वर तांबडी आणि खाली निळी. उत्तर अटलांटिकमध्ये ती बुडते, दूर हिंदी आणि पॅसिफिक महासागरांत वर येते आणि पृष्ठभागावरून परत फिरते. वॉलेस ब्रोकर या अमेरिकी शास्त्रज्ञाच्या १९८७ सालच्या लेखामुळे हा ‘सरकता पट्टा’ घरोघरी पोचला.

चित्राचे गुण नाकारण्याचे कारण नाही. ग्रीनलंडच्या आसपास खारे पाणी थंड वाऱ्यांनी गार होते, जड होते आणि खोल जाते, हे त्यातून पटकन कळते. विषुववृत्ताखालीही खोल समुद्र इतका थंड का, याचेही उत्तर मिळते. (१७५१ मध्ये हेन्री एलिस या कप्तानाने उष्ण अटलांटिकमध्ये झडपांची बादली खोल सोडून असे पाणी काढले होते. त्याने त्यात मद्य गार केले!)

माझी तक्रार आहे ती चित्रात जे नाही त्याविषयी. पट्टा म्हटला की मोटार आली. ती कुठेच काढलेली नसल्याने वाचक आपल्या मनाने बसवतो: विषुववृत्तावर पाणी तापते, ध्रुवाकडे निवते आणि पातेल्यातल्यासारखे फिरत राहते. पण पातेल्याला आच खालून असते; समुद्राला ऊन वरून लागते. परीक्षानळीच्या तळाशी तारेच्या जाळीने बर्फ दाबून वरचे पाणी तापवण्याचा प्रयोग आपण वर्गात करतोच. वर पाणी खदखदते, खाली बर्फ तसाच! तापलेले पाणी हलके, ते वरच राहते. उष्णता थंडाव्यापेक्षा खालून मिळाली तरच अभिसरण जोमदार होते, असे स्वीडनच्या सँडस्ट्रॉमने १९०८ मध्येच मांडले होते. नुसत्या तापण्या-निवण्यावर सोडले तर खोल समुद्र थंड पाण्याने भरून जाईल आणि वरून बुडणाऱ्या पाण्याला जागाच उरणार नाही.

तसे होत नाही, कारण भरती-ओहोटी आणि वारे पाणी घुसळून उष्णता खाली नेतात, आणि अंटार्क्टिकाभोवतीचे पश्चिमी वारे खोल पाणी वर ओढतात. या घुसळणीला सुमारे २ लाख कोटी वॅट शक्ती लागते, असा मुंक आणि वुन्श यांचा १९९८ चा अंदाज आहे. पाणी कुठे बुडेल हे थंडी ठरवते. अभिसरण चालू ठेवण्याची मजुरी मुख्यतः वारा आणि चंद्र देतात.

फीतही खरी नाही. लॅब्राडोर समुद्राजवळ खोलात सोडलेल्या तरंगकांपैकी जेमतेम ८ टक्के किनाऱ्यालगतच्या ठरलेल्या वाटेने गेले, असे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. बाकीचे भर समुद्रात पांगले.

या चित्रामुळेच ‘गल्फ प्रवाह थांबणार’ अशा बातम्या खऱ्या वाटतात. गल्फ प्रवाह मुख्यतः वाऱ्याने चालतो. वारे आणि पृथ्वीचे फिरणे असेतो तो थांबणार नाही. मंदावेल ते अटलांटिकचे उलथे अभिसरण. २६.५ अंश उत्तर अक्षांशावर २००४ पासून ते मोजले जाते. सरासरी सेकंदाला सुमारे १ कोटी ७० लाख घनमीटर. या शतकात ते क्षीण होणे फार संभवनीय आहे, असे हवामानबदलविषयक आंतरसरकारी मंडळाने २०२१ मध्ये म्हटले. ही चिंता खरी आहे, पण ती वेगळी.

तक्ता वर्गात असेल तर काढू नये. अंटार्क्टिकाभोवती वाऱ्याचे बाण काढावेत आणि वरच्या कोपऱ्यात एक चंद्र. तो तिथे कशाला, हे कोणीतरी विचारेलच.