गहाण कुत्रा आणि न फिटणारे ऋण

सोलापूर परिसराच्या भक्तिपरंपरेत कुत्रा उपेक्षित नाही. बाळे येथील यात्रेचा देव जो खंडोबा, त्याच्या परिवारात तो आहे. अक्कलकोटच्या वाटेवर घरोघरी आढळणाऱ्या दत्तप्रतिमांत तो चार वेदांचे रूप घेऊन उभा असतो. पंढरपूरच्या नामदेवचरित्रात तर भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारा भक्तच भेटतो. खंडोबाचे वाघ्ये स्वतःच देवाचे कुत्रे होतात, भुंकतात, कोटंब्यातले अन्न तोंडाने खातात. या सर्व ठिकाणी एक गोष्ट समान आहे : कुत्रा मरत नाही. प्रतीकाला मरण नसते. साहजिकच त्याच्याविषयी शोक संभवत नाही आणि अपराधभावही संभवत नाही. कुत्रा म्हणूनच जगलेल्या आणि धन्याच्याच हातून मेलेल्या कुत्र्याचे दुःख शोधायचे, तर याच जिल्ह्यात तांडे करून राहिलेल्या लमाण-बंजारा समाजाच्या नावाने भारतभर सांगितल्या जाणाऱ्या एका लोककथेकडे वळावे लागते.

कथा थोडक्यात अशी. कर्जबाजारी बंजारा आपला कुत्रा सावकाराकडे गहाण ठेवतो. सावकाराच्या घरी चोरी होते. चोरांनी तळ्यात दडवलेला ऐवज कुत्रा दाखवून देतो. प्रसन्न झालेला सावकार कर्ज फिटल्याची चिठ्ठी लिहून ती कुत्र्याच्या गळ्यात बांधतो व त्याला सोडतो. कुत्रा धन्याकडे धावत सुटतो. तो पळून आला असे समजून बंजारा त्याला काठीने ठार करतो. चिठ्ठी दिसते ती नंतर.

आर्ने-थॉम्प्सन यांच्या कथासूचीत या कथेची नोंद १७८ या क्रमांकाच्या गटात, उतावळ्या धन्याच्या कथेशेजारी आहे. हे शेजारच दिशाभूल करणारे आहे. पंचतंत्राच्या पाचव्या तंत्रातील मुंगसाची कथा उतावळेपणाची आहे, यात शंका नाही. मुंगसाच्या तोंडाला लागलेले रक्त पाहून ब्राह्मणी घागर फेकते. त्याने सापापासून बाळाला वाचवले हे तिला मागाहून कळते. पण तेथे शोकाला अवकाशच मिळत नाही. पती परतताच ती त्याच्या लोभाला दोष देते आणि त्या दोषाच्या समर्थनार्थ पुढची कथा सुरू होते. अपराध दुसऱ्याच्या पदरात टाकला जातो, मृत मुंगूस दृष्टांत होऊन बसते. नीतिकथेची ही जुनीच सोय.

बंजाऱ्याची काठी मात्र रागाने उठलेली नाही. ती शब्दासाठी उठली आहे, हा या कथेचा गाभा. ज्याच्याजवळ बैल आणि पाल यांखेरीज काही नाही, त्याची पत त्याच्या इमानावर उभी असते. कुत्रा सावकाराच्या दारातून पळाला म्हणजे धन्याचा शब्द मोडला. सचोटीने वागणारा माणूस आपल्या सचोटीपायीच हत्या करतो; म्हणून त्याच्या अपराधाला लोभ, क्रोध, अविचार यांपैकी कोणतेही सोयीचे नाव देता येत नाही. कथेतील चिठ्ठीही नुसती कथानकाची कळ नव्हे. सावकाराचा कागद ऋणकोच्या घरी येतो तो मागणी घेऊन, ही लोकानुभवातील गोष्ट. येथे प्रथमच कागद मुक्ती घेऊन येतो, आणि तो आणणारा मुका असतो. मराठीत 'कर्ज' फेडता येते, 'ऋणात' मात्र राहावे लागते. चिठ्ठी वाचली जाते त्या क्षणी बंजारा पहिल्यातून सुटतो आणि दुसऱ्यात कायमचा अडकतो. क्षमा करू शकणारा एकमेव जीव मेलेला आहे. जिवंत असता तरी त्याने क्षमा केली असती हे धन्याला ठाऊक असणे, हीच या शोकाची खरी धार.

महाभारतालाही या अपराधाची चाहूल आहे. हविर्द्रव्य न चाटता मार खाल्लेल्या पिल्लाची आई सरमा आदिपर्वात जनमेजयाला शाप देते. पण राजा शापाच्या निवारणासाठी पुरोहित शोधतो, पिल्लाची विचारपूस करीत नाही. महाप्रस्थानातील कुत्रा तर अखेरीस धर्म ठरतो आणि युधिष्ठिराचा त्याग परीक्षेत उत्तीर्ण होतो. रायगडावरील वाघ्याची आख्यायिका, जिच्या पुतळ्यावरून २०१२ मध्ये वाद पेटला, ऐतिहासिक आधाराच्या प्रश्नाइतकीच या दृष्टीनेही तपासण्याजोगी आहे : तेथे शोक कुत्रा करतो, माणसाकडे अपराध उरतच नाही.

नामदेवाच्या कथेशी बंजाऱ्याच्या कथेची तुलना अधिक फलदायी ठरते. नामदेवासमोरचा कुत्रा खरोखरच चोर आहे. तरी तो कोरडी भाकरी कशी खाईल, एवढीच चिंता संताला पडते. बंजाऱ्यासमोरचा कुत्रा निरपराध आहे, तरी त्याच्या धावण्यात धन्याला फितुरी दिसते. दोघेही धावणाऱ्या कुत्र्याचा अर्थ लावतात. मात्र नामदेवावर कोणाचे कर्ज नाही. लोककथा संतचरित्राला हा बिकट प्रश्न विचारते, आणि भक्तिवाङ्मयाच्या अभ्यासात तो सहसा विचारला जात नाही.

छत्तीसगडच्या बालोद जिल्ह्यात खपरी येथे कुकुरदेवाचे मंदिर आहे आणि त्याच्याशी हीच कथा जोडलेली आहे. कुत्रा चावल्यावर बाधा होऊ नये म्हणून लोक तेथे दर्शनाला जातात. बंजाऱ्याने पश्चात्तापाने बांधलेले स्थान असे उपायाचे स्थान झाले, आणि तेथला कुत्राही आता देव आहे.