रसभंगाचा अधिकार

कथा ऐन रंगात आली असता कोणी मध्येच बोलू लागला, म्हणजे रसिकाच्या कपाळास आठी पडते, हा अनुभव सार्वत्रिक आहे. आपल्या साहित्यशास्त्रकारांनी या आठीचाही विचार मोठ्या बारकाईने करून ठेवला आहे. अभिनवगुप्ताने 'अभिनवभारती'मध्ये रसास्वादाची सात विघ्ने सांगितली. त्यांपैकी दोन आमच्या प्रस्तुत विषयास फार उपयोगी आहेत. एक, 'हे माझे, ते परक्याचे' अशा भेदाने प्रेक्षकाचे मन विशिष्ट स्थळकाळाला जखडून राहणे. आणि दुसरे, स्वतःच्याच सुखदुःखाने त्याचे विवश होणे. मी अमुक गावचा, अमुक घरचा, ही जाणीव घटकाभर मावळली तरच रस उगवतो. ती जाणीव जागी करणारा तो रसाचा वैरी, असा हा सिद्धांत होय.

हा सिद्धांत मान्य करूनही एक प्रश्न उरतोच. रसभंग करण्याचा अधिकार कोणालाच, कधीच नाही काय? आपल्या रंगभूमीचे उदाहरण घेतले तर बालगंधर्वांच्या काळी प्रेक्षकच 'वन्समोअर'चा गजर करून नाटकाची गती रोखीत, आणि शोकाकुल नायिकेस तेच पद पुन्हा म्हणावे लागे. तो व्यत्यय खरा, परंतु रसाच्या लोभातून आलेला म्हणून त्यास कोणी अपराध मानला नाही. पुढे १९७२ साली मुंबईस दूरदर्शनचे केंद्र झाले, आणि कित्येक वर्षे घरोघरच्या मंडळींनी चित्र नाहीसे होऊन पडद्यावर 'व्यत्यय' ही पाटी आलेली पाहिली. तो यंत्राचा दोष असे. त्यासाठी रागवावे तरी कोणावर? पण ज्या व्यत्ययामागे यंत्र नसून माणसाचा निर्णय असतो, त्याचा न्याय मात्र करावा लागतो. अशा व्यत्ययांचा सर्वांत समृद्ध इतिहास अमेरिकेतील दूरचित्रवाणीचा आहे. तेथील प्रेक्षकांची जुनी तक्रार अशी की, आपली ठरलेली मालिका कधी खेळासाठी तर कधी हवामानासाठी बाजूस सारली जाते. ही तक्रार कितपत रास्त आहे, ते पाहू.

खेळाच्या बाबतीत एक प्रसंग तर आख्यायिकाच होऊन बसला आहे. १७ नोव्हेंबर १९६८, रविवार. एनबीसी या प्रक्षेपणसंस्थेवर न्यूयॉर्क जेट्स आणि ओकलंड रेडर्स या संघांचा फुटबॉलचा सामना चालू होता. (हा फुटबॉल आपल्या ओळखीच्या खेळाहून निराळा, चेंडू हातात घेऊन धावण्याचा.) सायंकाळी ७ वाजता योहाना स्पायरी या स्विस लेखिकेच्या 'हायडी' या प्रसिद्ध बालकादंबरीवरील चित्रपट दाखवावयाचा, असे आधी जाहीर झालेले, आणि त्यासाठी जाहिरातदाराने पैसे मोजलेले. सात वाजले तेव्हा जेट्स ३२, रेडर्स २९ अशी स्थिती असून खेळाची अवघी ६५ सेकंदे उरली होती. नियंत्रकाने घड्याळाची आज्ञा पाळली. देशाच्या पूर्वेकडील भागातील पडद्यांवरून मैदान नाहीसे झाले आणि आल्प्स पर्वताचे दृश्य दिसू लागले. इकडे ओकलंडच्या मैदानावर त्याच उरल्या वेळात रेडर्सनी नऊ सेकंदांच्या अंतराने दोनदा गोलरेषा ओलांडली व सामना ४३-३२ असा जिंकला. लक्षावधी प्रेक्षकांनी आपला संघ जिंकला असे समजून चित्रपट पाहिला, किंवा संतापून टेलिफोन उचलला.

या प्रसंगात विनोद आहे, पण त्याच्या पोटात शिकण्यासारखे पुष्कळ आहे. संस्थेच्या वरिष्ठांनी सामना संपेपर्यंत दाखवावा असे आयत्या वेळी ठरविले होते. परंतु तो हुकूम नियंत्रकापर्यंत पोहोचलाच नाही. कारण 'सामना तोडू नका' म्हणणारे आणि 'हायडी वेळेवर लागेल ना?' असे विचारणारे, अशा दोन्ही पक्षांच्या लोकांनी संस्थेचा स्विचबोर्ड तुंबवून टाकला होता. म्हणजे खेळाचा घात करण्यास खेळाच्या भक्तांचाही हातभार लागला! पुढे आणखी एक चूक घडली. अंतिम गुणसंख्या कळविण्यासाठी चित्रपट चालू असतानाच पडद्यावरून अक्षरांची ओळ सरकविण्यात आली. आणि ती नेमकी केव्हा, तर हायडीची पंगू मैत्रीण क्लारा आपली पहिली पावले टाकण्याचा प्रयत्न करीत असताना. आधी वीररसाचा भंग झाला होता, आता करुणाचाही झाला. एकाच रात्री दोन्ही प्रेक्षकवर्गांस दुखविण्याचे असे कौशल्य विरळा. संस्थेचे अध्यक्ष ज्युलियन गुडमन यांनी जाहीर क्षमा मागितली. तेव्हापासून सामना संपल्यावाचून तोडावयाचा नाही असा दंडक पडला, आणि नियंत्रकासाठी वेगळी टेलिफोन-वाहिनी बसविण्यात आली. तिला लोक 'हायडी फोन' म्हणू लागले.

परंतु एका टोकाची चूक सुधारताना मनुष्य दुसऱ्या टोकास जातो. १९७५ च्या नोव्हेंबरात त्याच संस्थेवर सामना जादा वेळेत गेला. तो अखेरपर्यंत दाखविला, हे योग्यच झाले. पण त्यापुढील 'विली वॉन्का' हा मुलांचा चित्रपट प्रारंभापासून न दाखविता मध्येच उचलला गेला, आणि सुमारे ४० मिनिटांचा आरंभभाग मुलांना दिसलाच नाही. आधी शेवट गेला होता, आता आरंभ गेला.

या दोन प्रसंगांतून आम्हांस एक नियम काढावासा वाटतो. खेळाचा काळ कोणाच्याही हाती नसतो. नाटककारास आपल्या नाटकाचा अंत ठाऊक असतो. मैदानावरचा अंत मात्र तो घडेपर्यंत कोणासच ठाऊक नसतो, आणि ही अनिश्चितता हाच खेळाचा प्राण होय. तो सामना मागाहून दाखविला तर त्याचे शरीर दिसेल, प्राण दिसणार नाही. उलटपक्षी लिहिलेली, चित्रित केलेली कथा पंधरा मिनिटे थांबली म्हणून तिचा एक शब्दही शिळा होत नाही. तेव्हा जिचा काळ आपल्या हाती आहे, त्या कथेने थांबावे, आणि ज्याचा काळ आपल्या हाती नाही, त्या खेळास वाट द्यावी, हे न्यायाचे आहे. मात्र थांबविलेली कथा अथपासून इतिपर्यंत मिळाली पाहिजे. विलंब सोसवतो, विच्छेद सोसवत नाही. सातच्या ठोक्याला हायडीची वाट पाहत बसलेल्या मुलास 'थोडे थांब' म्हणता येते. त्याला पहिले पान फाडलेले पुस्तक देता येत नाही.

येथवर प्रश्न रसिकतेचा होता. हवामानाकडे वळताच तो प्राणांचा होतो.

अमेरिकेच्या मध्यभागातील विस्तीर्ण मैदानांत टॉर्नेडो नावाचे जे अरिष्ट उठते, ते आपल्याकडील वावटळीसारखे दिसत असले तरी त्याची जात अगदी निराळी. मेघापासून भूमीपर्यंत लोंबणारा तो भोवरा घरे मुळासकट उपटून टाकतो. १८ मार्च १९२५ रोजी अशाच एका टॉर्नेडोने मिझुरी, इलिनॉय आणि इंडियाना या तीन राज्यांत ६९५ माणसे मारली. त्या दिवशी कोणीही कोणास सावध केले नव्हते. किंबहुना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून १९३८ पर्यंत तेथील हवामानखात्याच्या भाकितांत 'टॉर्नेडो' हा शब्द वापरण्यासच मनाई होती. लोक भयभीत होतील, ही सबब. भयापेक्षा अज्ञान बरे, असे मानणाऱ्या त्या धोरणाची किंमत किती असेल याची कल्पनाच करावी.

आता काळ पालटला आहे. रडारवर वादळाची चिन्हे दिसताच सरकारी हवामानखाते इशारा देते, आणि स्थानिक दूरचित्रवाणी केंद्र चालू कार्यक्रम थांबवून तो इशारा नकाशासह, गावांची व रस्त्यांची नावे घेत प्रसृत करते. इशारा आणि आघात यांमधील अवधी पुष्कळदा दहापंधरा मिनिटांहून अधिक नसतो. ३ मे १९९९ रोजी ओक्लाहोमा राज्यात ब्रिज क्रीक व मूर या गावांवरून अत्यंत भीषण श्रेणीचा टॉर्नेडो गेला. हजारो घरांची मोडतोड झाली, परंतु त्या तडाख्यात प्रत्यक्ष मृत्युमुखी पडलेल्यांची संख्या ३६ होती. दाट वस्तीवरून गेलेल्या इतक्या प्रचंड टॉर्नेडोने याहून किती तरी अधिक बळी घेतले असते. तसे झाले नाही, याचे बरेच श्रेय त्या दिवशीच्या अखंड प्रक्षेपणास आहे.

असे असूनही प्रेक्षक तक्रार करतातच. २७ मे २०१९ च्या रात्री ओहायो राज्यातील डेटन येथील एका केंद्राने 'द बॅचलरेट' ही लोकप्रिय विवाहेच्छूंची मालिका थांबवून टॉर्नेडोचा इशारा चालू ठेवला. मालिका परत लावा, अशा तक्रारींचा समाजमाध्यमांवर वर्षाव झाला. तेव्हा प्रक्षेपण चालू असतानाच तेथील हवामानतज्ज्ञाने प्रेक्षकांस खडसावून सांगितले की, आम्ही मालिकेकडे परत जाणार नाही. हा प्रसंग धोक्याचा आहे. त्याच रात्री त्या परिसरातील वस्त्यांवरून मोठा टॉर्नेडो गेला आणि घरेच्या घरे उद्ध्वस्त झाली. त्याच वर्षीच्या एप्रिलात अटलांटा येथे इशाऱ्यासाठी गोल्फचा एक नामांकित सामना थांबविल्याबद्दल एका हवामान-निवेदिकेस जिवे मारण्याच्या धमक्या आल्या होत्या. रसिकतेच्या नावाखाली मनुष्य किती निर्दय होऊ शकतो, याचा हा नमुना.

तक्रार करणाऱ्यांची बाजूही ऐकली पाहिजे. एका केंद्राचे प्रक्षेपण अनेक जिल्ह्यांत दिसते आणि वादळ मात्र त्यांपैकी एकदोन जिल्ह्यांत असते. मग बाकीच्यांनी आपली संध्याकाळ का गमवावी? शिवाय टॉर्नेडोच्या दर दहा इशाऱ्यांपैकी सुमारे सातांत प्रत्यक्ष टॉर्नेडो उतरतच नाही. 'लांडगा आला रे आला' म्हणणाऱ्या गुराख्याची गोष्ट लोक विसरत नाहीत. केंद्राकेंद्रांतील चढाओढीमुळे साध्या पावसालाही महासंकटाचे रूप देण्याचा मोह होतो, हेही खोटे नाही. २००७ पासून हवामानखाते संपूर्ण जिल्ह्याऐवजी नकाशावर नेमका प्रदेश आखून इशारा देऊ लागले, ही सुधारणा स्तुत्य होय. तिला अनुसरून केंद्रांनीही संकट ओसरताच कथेकडे परतावे, आणि गाळलेला भाग पुन्हा दाखवावा, अशी अपेक्षा ठेवण्याचा प्रेक्षकांस पूर्ण हक्क आहे. ज्या केंद्राने क्षुल्लक कारणांसाठी रसभंग केला, त्याची खरी हाकही पुढे कोणी ऐकत नाही. म्हणून रसभंगाचा अधिकार जपून वापरणे हे केवळ रसिकांच्या नव्हे, संकटात सापडणाऱ्यांच्याही हिताचे आहे.

पण 'मला काय त्याचे?' हा जो मूळ प्रश्न, त्याचे उत्तर मात्र एकच आहे. टॉर्नेडोच्या वाटेत असलेला मनुष्यही या क्षणी तीच मालिका पाहत बसला आहे. तिच्यात तो तुमच्याइतकाच रंगला आहे, म्हणूनच त्याला खिडकीबाहेरचे आभाळ दिसत नाही. त्याचा रसभंग केल्यावाचून त्याचा प्राण वाचत नाही, आणि प्रक्षेपण सर्वांचे एकच असल्यामुळे तुमचा रसभंग केल्यावाचून त्याचा करता येत नाही. आता भ्रमणध्वनीवरही इशारे येतात, हे खरे. पण तो दुसऱ्या खोलीत पडलेला असेल, त्याचा आवाज बंद असेल, किंवा एखाद्या म्हाताऱ्या माणसास तो वापरताच येत नसेल. डोळे मात्र पडद्यावर खिळलेले असतात. जेथे डोळे आहेत तेथेच हाक मारली पाहिजे.

येथे अभिनवगुप्ताकडे परत यावेसे वाटते. त्याने ज्यास विघ्न म्हटले, तेच या इशाऱ्याचे काम आहे. 'तू अमुक गावचा, तुझे घर अमुक रस्त्यावर, तुझी मुले माडीवर निजली आहेत. त्यांना घेऊन तळघरात जा', असे म्हणून तो प्रेक्षकास कथेच्या साधारण जगातून खेचून त्याच्या विशिष्ट स्थळकाळात आणून उभा करतो. रसदृष्ट्या हे विघ्न खरेच. परंतु रसास्वादासाठीही आधी रसिक जिवंत असावा लागतो.

आणि ज्याच्या गावी वादळ नाही, त्याचे काय? कथेतील परक्या माणसाच्या दुःखाने डोळे ओले होतात, म्हणून आपण स्वतःस सहृदय म्हणवितो. क्लाराची पावले पाहताना ज्याचा कंठ दाटतो, त्याला शेजारच्या जिल्ह्यातील घरासाठी अर्धा तास मालिकेवाचून राहणे जड जात असेल, तर त्याची सहृदयता पडद्यापुरतीच आहे, असे खेदाने म्हणावे लागेल. रसाने मन विशाल होते, असे आपण आजवर मानीत आलो. ते खरे आहे की नाही, याची परीक्षा चित्रपट चालू असताना होत नाही. तो मध्येच थांबविला जातो तेव्हा होते.