डावऱ्या हाताची कात्री

आमच्या मळ्यातल्या खोपीत आढ्याला एक पोतं टांगलेलं असे. त्यात विळे, खुरपी, कोयता, कुऱ्हाड आणि द्राक्षाच्या कात्र्या. त्यातली कुठलीही वस्तू अंधारातसुद्धा हाताला ओळखू यायची. मूठ कुणाच्या हातानं झिजली आहे त्यावरून कळायचं, ही आईची, ही थोरल्या चुलत्याची.

एकदा गावातल्या कार्यक्रमात मी स्वदेशीवर भाषण ठोकलं होतं. आपल्या लोहारानं घडवलेल्या विळ्याची सर परदेशी हत्याराला येणार नाही, वगैरे. टाळ्या पडल्या. घरी आल्यावर आईनं तळहात पुढं केला. अंगठ्याच्या बुडाला फोड फुटलेला. "ही कात्री बी आपल्याच देशाची हाय बरं का," एवढंच ती म्हणाली.

त्या भाषणात खोटं काही नव्हतं, पण ते अर्धंच होतं. राहिलेलं अर्धं आता लिहितो.

आधी लोहाराचं. बलुत्याच्या दिवसांत त्याला सुगीला धान्य मिळे आणि वर्षभर आमची हत्यारं तो बघे. पुढं रोख पैसे आले. ट्रकच्या कमानीचा पाटा भंगारातून आणायचा, भट्टीत लाल करायचा, ऐरणीवर ठोकून कोयता काढायचा. मग पाणी द्यायचं. लाल पातं पाण्यात बुडवलं की ते कडक होतं, पण काचेसारखं ठिसूळही होतं. म्हणून पुन्हा हलकं तापवायचं आणि पात्यावर चढत जाणारा रंग बघायचा: आधी गवती पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, निळा. कुठल्या रंगाला थांबायचं, हीच सगळी विद्या. लवकर थांबलं तर धार तुकडे होऊन उडते, उशीर झाला तर वळते. आमच्या लोहारआबांना हे डोळ्यांनी कळे. पण भंगारातला प्रत्येक पाटा सारखा नसतो. त्यामुळं त्यांचाही एखादा कोयता पहिल्याच सरीत मुडपायचा. हे भाषणात मी सांगितलं नव्हतं.

आणखी एक गोष्ट. आजोबांचा सगळ्यात लाडका विळा आबांच्या वडलांनी एका जुन्या विलायती कानशीतून घडवला होता. कानशीचं पोलाद कडक, धार धरून राहणारं. म्हणजे लोखंड साहेबाचं आणि हात आमच्या गावचा. मग त्या विळ्याला देशी म्हणायचं की परदेशी?

आई डावरी. उजव्या हाताचं खुरपं तिच्या मनगटाला उलटं पडे. आबांनी तिला एकदा समोर बसवून माती उकरायला लावली, नुसतं बघितलं, आणि दुसऱ्या दिवशी बाक उलट्या अंगाला दिलेलं खुरपं आणून दिलं. "वहिनी, ह्ये दुसऱ्या कुणाला देऊ नगा, त्येला चालायचं न्हाई." ते खुरपं झिजून बोटाएवढं होईपर्यंत तिनं वापरलं.

कात्री मात्र आबांना जमणारी नव्हती. दोन पाती, मधला बोल्ट, स्प्रिंग. सगळं एकमेकाला घासून बसायला हवं. म्हणून बाजारातली कात्री आली. पातळ पत्र्याची, मुठीला लाल प्लास्टिक. चार दिवसांत बोल्ट ढिला, आठव्या दिवशी स्प्रिंग बांधात पडून गायब. द्राक्षाला वर्षातून दोन छाटण्या, एप्रिलची खरड आणि ऑक्टोबरची गोडी. वेलीला तीस-चाळीस काड्या धरल्या तर शंभर वेलींत तीन-चार हजार वेळा मूठ मिटते. त्यात डावऱ्या हातात उजवी कात्री म्हणजे कापायचं पातं नजरेआड. खरड छाटणीत एक डोळा राखून काप घ्यायचा असतो. आईचा काप कधी लांब पडे, कधी नेमका डोळ्यावर. मग मुकादम ओरडे, "बघून काप की गं!" ती बघतच होती. कात्रीच दाखवत नव्हती.

बऱ्याच वर्षांनी मी स्वित्झर्लंडची फेल्को कात्री आणली. ही कंपनी 1945 पासूनची. डावऱ्यांसाठी वेगळी कात्री, लहान हातासाठी वेगळी, पातं-स्प्रिंग सुटी मिळतात. आईनं दहा काड्या कापल्या आणि थांबली. म्हणाली, "आरं, ह्यांनी मला कवा बघितलं?"

त्या प्रश्नानं माझं भाषण निकालात काढलं.

परदेशी म्हणजे चांगलं, असा याचा अर्थ नाही. बाहेरून आलेला गुळगुळीत भंगार मालही आठवडी बाजारात ढिगानं असतो. फेल्कोची किंमतही रोजावर जाणाऱ्या बाईच्या आवाक्यातली नव्हे, आणि तिची सुटी पाती तालुक्याच्या दुकानात सहज मिळत नाहीत. उलट दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा दातेरी 'वैभव' विळा बघा. तो इथलाच आहे. वजनाला हलका, दाते असल्यानं वरचेवर धार लावायला नको. भात कापणाऱ्याचा हात आधी बघितला आणि मग विळा केला, एवढंच त्याचं मोठेपण.

तेव्हा देशी-परदेशी हा वाद मला आता बाजूचा वाटतो. लोहारआबांनी आईचं मनगट बघितलं होतं. स्वित्झर्लंडमधल्या कुणीतरी डावऱ्या माणसाचं मनगट बघितलं होतं. मधल्या पत्र्याच्या कात्रीवाल्यानं फक्त किंमत बघितली, आणि आम्ही घेणाऱ्यांनीही. छाटणारी बाई कात्री निवडायला दुकानात जातच नव्हती. पैसे देणारा गडी जायचा, आणि स्वस्तातली उचलून आणायचा. त्या गड्यांत मीही होतो.

आबा गेले. मुलगा शहरात वेल्डिंग करतो. भट्टीच्या जागी आता दुचाक्या उभ्या असतात. आईचं मनगट छाटणीच्या दिवसांत अजून सुजतं. चांगली कात्री आली ती फार उशिरा. हत्यार घ्यायला जाताना आता मी एवढंच करतो: ज्याच्या हातात ते राहणार, त्याला सोबत नेतो. दुकानदार शिक्का दाखवतो, हा देश, तो देश. मी म्हणतो, आधी तिच्या हातात द्या.