पाच सेकंदांचा आकडा

बोटाला सुई टोचायची, रक्ताचा थेंब पट्टीवर घ्यायचा, की पाच सेकंदांत पडद्यावर आकडा. छत्रपती संभाजीनगरमधल्या रुग्णालयांत खाटेशेजारी रक्तशर्करा अशीच मोजतात आणि त्यावर इन्सुलिनची मात्रा ठरते. व्हर्निअर कॅलिपर हाती देताना आपण विद्यार्थ्याला आधी शून्य त्रुटी पाहायला लावतो. इथे तेवढीही चौकशी क्वचितच होते.

ग्लुकोमापकांसाठी आयएसओ 15197 हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्याच्या 2013 च्या आवृत्तीनुसार शर्करा दर डेसिलिटरला 100 मिलिग्रॅमपेक्षा कमी असेल तर 15 मिलिग्रॅमची, एरवी 15 टक्क्यांची चूक चालते. आणि हेही शंभरापैकी 95 वेळा साधले म्हणजे झाले. म्हणजे खरी शर्करा 60 असताना पडद्यावर 75 दिसले तरी यंत्र उत्तीर्ण! शर्करा 70 च्या खाली गेली की उपाय करावा लागतो. इथे सिस्टर निश्चिंत मनाने पुढच्या खाटेकडे जातील. मुळात हे मानक घरी स्वतः तपासणी करणाऱ्यांसाठी आहे. रुग्णालयाने त्यावर समाधान मानावे, हे मला मुळीच पटत नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2016 मध्ये रुग्णालयातील मापकांसाठी वेगळे, अधिक कडक निकष सुचवले ते उगीच नव्हे.

त्यात रुग्णाचे रक्त निरोगी माणसासारखे नसते. तांबड्या पेशी कमी असल्या की बरेच मापक शर्करा खरीपेक्षा जास्त दाखवतात. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या सुमारे 54 टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. तांबड्या पेशींचे किती प्रमाण चालेल, हे मापकाच्या माहितीपत्रकात छापलेले असते. खरेदी करताना ते वाचतो कोण? पट्ट्या बहुधा 30 अंशांखाली ठेवायच्या असतात. आपल्याकडचा मे महिना वाचकांना ठाऊकच आहे.

प्रयोगशाळेशी ताळा पाहावा, तर तिथेही गोम आहे. नळीतल्या रक्तपेशी शर्करा वापरतच राहतात. तासाला साधारण 5 ते 7 टक्के. फ्लोराइड घातले तरी पहिला तासभर ही घट फारशी थांबत नाही. नमुना टेबलावर पडून राहिला, तर बिचारा मापकच खोटा ठरतो.

इथल्याच एका रुग्णालयात मी विचारले, नियंत्रण द्रावणाने मापक शेवटचा कधी तपासला? सिस्टरांनी कपाटातून बाटली काढून दिली. उघडल्यापासून तीन महिन्यांत वापरावी, असे लेबलावर होते. उघडल्याची तारीख लिहायची जागा कोरी होती.