‘घरचे करून घेतील’ : अटेंड चाचणी नेमकं काय सांगते?

अंगावरून वारं गेलेला माणूस चंदगड तालुक्यातून बहुतेक वेळा बेळगावला नेला जातो. कोल्हापूर शंभरेक किलोमीटर, बेळगाव चाळीसेक, त्यामुळे निवड सोपी असते. काही दिवसांनी डिस्चार्ज कार्ड मिळतं आणि त्यावर एक ओळ असते : फिजिओथेरपी चालू ठेवा. कुणी चालू ठेवायची? ‘घरच्यांना शिकवा, ते करून घेतील’ हे उत्तर मला सेमिनारमध्ये इतक्यांदा ऐकायला मिळतं की ते सिद्ध झालंय असंच वाटावं.

तर बघा, हे उत्तर भारतातच तपासून झालंय. चाचणीचं नाव अटेंड. 14 रुग्णालयं, 1,250 रुग्ण, भरती 2014 ते 2016, निष्कर्ष 2017 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. एकाला नेहमीची काळजी. दुसऱ्याला त्याशिवाय आणखी एक गोष्ट : घरातल्या एकाला रुग्णालयातच व्यायाम, उठवणं-बसवणं, रोजच्या कामांचा सराव शिकवला आणि पुढे दोन महिने प्रशिक्षित व्यक्तीने घरी जाऊन पाठपुरावा केला. सहा महिन्यांनी मृत्यू किंवा परावलंबित्व किती? इकडे 47 टक्के, तिकडेही 47 टक्के.

यावर दोन प्रकारचे लोक घाई करतात. पहिले म्हणतात, म्हणजे घरचा व्यायाम फुकट. दुसरे चाचणीतच खोट काढतात.

दुसऱ्यांचं म्हणणं आधी घेऊ, कारण त्यात तथ्य आहे. मोजमाप होतं रँकिन मोजपट्टीवर, 0 ते 6. 3 आणि त्यापुढचे सगळे एकाच टोपलीत. म्हणजे खाटेला खिळलेली आजी (5) सुनेच्या आधाराने मोरीपर्यंत जायला लागली (4), तरी हिशेबात ती ‘परावलंबी’च. तिच्या घरात मात्र सगळं बदललेलं असतं. पण हा बचाव लांबपर्यंत जात नाही. रोजची कामं मोजणाऱ्या इतर मोजपट्ट्यांवरही दोन्ही गटांत फरक दिसला नाही. मोजपट्टी जाडीभरडी होती म्हणून परिणाम लपला, असं म्हणायला जागा थोडीच उरते.

मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. तुलना कशाशी झाली? ‘नेहमीच्या काळजी’शी. आपल्याकडे नेहमीच्या काळजीत घरचे असतातच! न शिकवताही सून, मुलगी, बायको उचलते, भरवते, चालवते. त्यामुळे अटेंडने ‘कुटुंब विरुद्ध काहीच नाही’ असं तपासलंच नाही. तपासलं ते ‘शिकवलेलं कुटुंब विरुद्ध न शिकवलेलं कुटुंब’.

आता शेजारी दुसरा पुरावा ठेवा. 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्येच 14 चाचण्यांचा, 1,617 रुग्णांचा एकत्रित आढावा आला होता. त्यातले रुग्णही घरीच राहणारे, पण त्यांना उपचार मिळाले ते थेरपिस्टकडून किंवा थेरपिस्टच्या टीमकडून. तिथे दर शंभरांमागे सुमारे सात जणांची ढासळ टळली. या चाचण्या बहुतेक श्रीमंत देशांतल्या, त्यामुळे आकडा जसाच्या तसा चंदगडला लावू नका. तरी फरक डोळ्यांत भरतो : घर तेच, काम करणारा वेगळा.

थेरपिस्ट काय वेगळं करतो? लुळा हात धरून ओढत उठवू नका, खांदा दुखावतो, हे एकदा सांगून भागत नाही. करताना बघावं लागतं. तेल लावून चोळण्यापेक्षा खुर्चीतून उठ-बस पुन्हा पुन्हा करणं का महत्त्वाचं, आणि या आठवड्यात दहा वेळा जमतं तर पुढच्या आठवड्यात खुर्ची किती बुटकी घ्यायची, हे तो ठरवतो. उंबरा किती उंच, संडास अंगणापलीकडे आहे का, जूनमध्ये ते अंगण शेवाळून निसरडं होणार का, हे बघून सराव बदलतो.

आणि शिकवलेल्या माणसाचा वेळ? अटेंडमध्ये यायला घरचं कुणीतरी नेमलेलं असणं ही अटच होती. पोरं मुंबईला किंवा गोव्याला आणि घरात काळजी घेणारं कुणीच नाही, अशी घरं त्या 1,250 मध्ये येणारच नव्हती. जिथे सून आहे तिथेही भात लावणीच्या दिवसांत ती सकाळी निघते. चाचणीत काळजी घेणाऱ्यांवरचा ताण वाढलेला दिसला नाही, हे प्रामाणिकपणे नोंदवायला हवं. पण ताण आधीच किती होता, हा प्रश्न त्याने मिटत नाही.

संशोधकांनी स्वतःच लिहिलंय की नवा पुरावा येईपर्यंत कुटुंबावर काम सोपवणाऱ्या सेवांवर पैसा घालण्याला या निकालाचा आधार नाही. मग तो पैसा कुठे घालायचा, हे त्या 47 टक्क्यांत लिहिलेलं नाही. मला बघायची आहे ती चाचणी अशी : तालुक्याच्या ठिकाणी पगारी फिजिओथेरपिस्ट, आठवड्यातून ठरलेल्या वारी गावात फेरी, मधल्या दिवसांत प्रशिक्षित मदतनीस. हा मदतनीस म्हणजे आशाताई असेल, तर त्या कामाचे वेगळे पैसे धरून. आणि तुलना याच तालुक्यातल्या, डिस्चार्ज कार्ड घेऊन घरी आलेल्या माणसांशी.